झेब्राफिशचा जीन एक्सप्रेस करायचाय: पीसीएस२ प्लस की टोल२?

पीसीएस२ प्लस आणि टोल२ हे दोन वेक्टर, म्हणजे जीन माशाच्या भ्रूणात पोचवायची डीएनएची वाहनं. क्लोनिंगला (जीन वेक्टरमध्ये बसवायला) बसायच्या आधी एवढंच ठरवा की प्रोटीन कधी हवंय आणि किती दिवस टिकायला हवंय. प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा), टॅग (प्रोटीन ओळखायला जोडलेली खूण) वगैरे त्यानंतर बघू.

पहिल्या एक-दोन दिवसांतलंच बघायचं असेल, गॅस्ट्रुलेशन (भ्रूणाचे थर बनणं), सोमाइट (पाठीच्या बाजूचे खंड) वगैरे, तर डोळे झाकून पीसीएस२ प्लस घ्या. साधारण ४ केबीचं छोटं प्लास्मिड, जीनच्या पुढे एसपी६ (जिथून एमआरएनए बनायला सुरुवात होते ती जागा), मागे एसव्ही४० चा पॉली-ए सिग्नल (एमआरएनएच्या शेपटीसाठी), म्हणजे नॉट-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने कापलं, एसपी६ पॉलिमरेझने कॅप्ड एमआरएनए बनवला आणि एका पेशीच्या स्टेजला इंजेक्ट केला की झालं. भ्रूणाचा स्वतःचा जीनोम जोरात सुरू व्हायला साधारण ३ तास लागतात, एमआरएनएवरून प्रोटीन मात्र लगेच बनायला लागतं आणि तो बऱ्यापैकी सगळ्या पेशींत जातो. तेच प्लास्मिड नुसतं डीएनए म्हणून इंजेक्ट केलं तर सीएमव्ही प्रमोटर चालतो, पण एक्सप्रेशन इथे थोडं तिथे थोडं, फार मोझेक. फक्त तुमच्या जीनमध्येच नॉट-वनची साइट नाही ना ते सीक्वेन्समध्ये आधी बघा, असेल तर एमआरएनए अर्धवट निघेल.

याची अडचण म्हणजे एमआरएनए संपतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं लिव्हर किंवा मोठ्या माशातलं फिन रिजनरेशन बघायचं असेल तर टोल२ च लागेल. हा मेडाका माशातला ट्रान्सपोझॉन, म्हणजे जागा बदलणारा डीएनएचा तुकडा, सोबत तो हलवणाऱ्या ट्रान्सपोझेज एन्झाइमचा एमआरएनए द्यायचा की दोन टोकांमधला तुकडा जीनोममध्ये जाऊन बसतो. प्रमोटर तुमच्या मर्जीचा, एचएसपी७०एल हा उष्णतेने चालू होणारा प्रमोटर लावला तर २८.५ अंशांवर वाढवलेले भ्रूण ३७-३८ ला ठेवून हव्या त्या वेळी जीन चालू करता येतो, ही सोय मला फार मोलाची वाटते. पण एफ-झिरो (इंजेक्ट केलेली पहिली पिढी) मोझेकच असतो, स्टेबल लाइन (जीन पुढच्या पिढ्यांत जाणारे मासे) हवी तर मासे मोठे व्हायला ३ महिने तरी द्या, आणि तुकडा कुठेही बसतो म्हणून एकाच लाइनवर निष्कर्ष काढू नका.

मॉर्फोलिनोचा (एखाद्या जीनचं प्रोटीन बनणं अडवणाऱ्या छोट्या रेणूचा) रेस्क्यू, म्हणजे तो जीन बाहेरून देऊन परिणाम भरून काढणं, करायचा असेल तर पीसीएस२ प्लसच, पण इथे नीट लक्ष द्या. मॉर्फोलिनो एटीजीवर (प्रोटीन बनायला सुरुवात होते त्या जागेवर) बसणारा असेल आणि तुमच्या एमआरएनएमध्येही तीच जागा तशीच असेल तर तो रेस्क्यूचा एमआरएनएसुद्धा अडवणार, मग तुम्ही म्हणणार रेस्क्यू होत नाही. फाइव्ह प्राइम यूटीआर (एटीजीच्या आधीचा भाग) काढा, सुरुवातीचे कोडॉन अमिनो ॲसिड न बदलता बदला. सोबत तेवढ्याच डोसचा जीएफपी एमआरएनए कंट्रोल म्हणून हवाच, जास्त एमआरएनएनेही भ्रूण बिघडतात. आणि टीलिऑस्ट माशांत जीनोम एकदा डुप्लिकेट झालाय, त्यामुळे बऱ्याच जीनच्या ए आणि बी अशा दोन कॉपी असतात, क्लोन करताना कोणती घेतली ते लिहून ठेवा.

पीसीडीएनए३.१ हा वेक्टर फक्त एचईके२९३ सारख्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत काम असेल तर, आणि अँटीबॉडीसाठी भरपूर प्रोटीन हवं असेल तर पीईटी वेक्टर आणि बॅक्टेरिया.