किडनीवाल्यांचा डबा, हनुमान नगर: साडेचार स्टार, अर्धा का कापला तेही सांगते

आधी कामाचं सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं माझं पुराण वाचायला नको. नागपुरात मेडिकलजवळ (सरकारी मेडिकल कॉलेज हो) हनुमान नगरात एक काकू डायलिसिसच्या पेशंटसाठी डबा करून देतात. पाटी नाही, ॲपवर नाहीत, मेडिकल चौकात डायलिसिसवाल्या कोणालाही विचारा, सांगतील. एका वेळेचे १२० रुपये, महिन्याचे आधी द्यायचे, पण ज्यांचं जमत नाही त्यांना काकू तोंडावर कधी काही बोलत नाहीत हे मी पाहिलंय. नुसता फोन करून डबा सुरू होत नाही, पेशंटचा ताजा ब्लड रिपोर्ट आणि आहारतज्ज्ञाने लिहून दिलेला कागद दाखवावा लागतो, पोटॅशियम किती, फॉस्फरस किती, शुगर आहे का, ड्राय वेट (म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन) किती. मला पहिल्यांदा वाटलं बापा, डबा लावायला आलो की ॲडमिशन घ्यायला! आता वाटतं असंच पाहिजे.

आम्ही मूळचे काटोलकडचे. यांचं गावात किराणा दुकान, बऱ्यापैकी चालायचं. दरवर्षी आषाढीला गावच्या दिंडीबरोबर धापेवाड्याला पायी जायचे, पंढरपूरला जमलं नाही तरी विदर्भाचं पंढरपूर सोडायचं नाही असा नेमच होता, आणि भजनी मंडळात मृदंग यांचाच. ना दारू ना खर्रा, एकादशी कधी चुकली नाही. आणि अशा माणसाच्या पायावर सूज आली, दम लागायला लागला, आम्ही म्हटलं उन्हाचं असेल, तर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते त्यावरून कळतं) बघून डॉक्टर म्हणाले दोन्ही किडन्या गेल्यात, बीपी बरीच वर्षं वाढलेला असणार. बीपी आतून खातो, बाहेर दिसत नाही, डोकंसुद्धा दुखत नाही कित्येकांचं. तर आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका वेळी चार तास, आणि गावाहून ये-जा करून माणूस अजूनच थकतो म्हणून दुकानाला कुलूप लावून आम्ही इथे खोली घेऊन राहतोय. डायलिसिस सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत होतं म्हणून तरलो, पण खोलीभाडं, औषधं, रक्त वाढायची इंजेक्शनं हे सगळं आहेच.

आता डब्याबद्दल. डायलिसिसच्या माणसाचा स्वयंपाक म्हणजे काय असतो हे ज्याच्या घरी आहे त्यालाच कळतं. लोकांना वाटतं मीठ कमी केलं की झालं. मीठ तर कमी हवंच, पण खरी भीती पोटॅशियमची, ते फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, आणि ते असतं कशात, तर आपण ज्याला पौष्टिक म्हणतो त्या सगळ्यात. नारळपाणी, केळं, टमाटर, बटाटा, पालक, सुका मेवा. आणि संत्री! काटोलच्या माणसाला संत्रं खायचं नाही म्हणून सांगणं म्हणजे काय ते इथल्यांना वेगळं सांगायला नको, दिराची बाग आहे, मृगबहराच्या वेळी क्रेट येतं घरी आणि हे वास घेऊन बाजूला ठेवतात. दुसरी गंमत अशी की डायलिसिस सुरू व्हायच्या आधी डॉक्टर प्रोटीन कमी करा म्हणतात आणि सुरू झाल्यावर म्हणतात वाढवा, कारण डायलिसिसमध्ये काही प्रोटीन निघून जातं. नातेवाईक मात्र जुनंच ऐकून येतात आणि वाटीभर वरणाकडे पाहून म्हणतात, अगं डाळ काहून देतेस.

काकू भाजी बारीक चिरून दोन-तीन तास कोमट पाण्यात ठेवतात, ते पाणी फेकतात, मग भरपूर पाण्यात उकळतात आणि तेही पाणी फेकतात. त्यानं पोटॅशियम कमी होतं. अर्थात भाजीची चवही त्याच पाण्याबरोबर जाते, म्हणून खरं कौशल्य फोडणीत आहे. जिरं, लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता, वरून चार थेंब लिंबू. दुधी, दोडका, ढेमसं, पत्ताकोबी, असं फिरून फिरून येतं. ढेमशाची कोरडी भाजी खरंच छान असते, मीसुद्धा खाते. पत्ताकोबी बरी. दोडका... दोडक्याला देवसुद्धा वाचवू शकत नाही. पोळ्या पातळ, वरण मोजून एक वाटी आणि घट्ट, कारण पातळ वरण म्हणजे पाणीच आणि पाणी मोजायचं असतं. हे अंडं खात नाहीत म्हणून यांच्या डब्यात पनीर येतं, तेही तोलून. खाणाऱ्यांना अंड्याचा पांढरा भाग. सावजीच्या गावात राहून असं जेवण जेवायचं याला हिंमत लागते हो, बाजूच्या गल्लीतून रश्श्याचा वास येतो आणि समोर ढेमसं. एकदा हे म्हणाले तर्री पोह्यातली तर्री नको, नुसते पोहे तरी द्या, तर काकूंनी खरंच एके दिवशी कांदा आणि लिंबू घालून पोहे पाठवले, दाण्याशिवाय. बटाटा नाही, तर्री नाही, तरी माणूस असा खुश झाला की विचारू नका.

उन्हाळ्याबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. नागपूरचा मे महिना, नवतपा, पारा पंचेचाळीसच्या घरात, आणि पेशंटला दिवसाला सगळं मिळून साधारण लिटरभर द्रव. सगळं मिळून म्हणजे चहा, वरण, दही, औषधाबरोबरचं पाणी, सगळं त्यातच. प्रत्येकाचा हिशोब वेगळा असतो, लघवी किती होते त्यावरून डॉक्टर ठरवून देतात. जास्त झालं की पुढच्या डायलिसिसला वजन वाढलेलं, दम, सूज, आणि मशीनवर ते सगळं एकदम काढताना पायात असे गोळे येतात की मोठा माणूस ओरडतो. काकूंनी सांगितलं सकाळीच एका बाटलीत दिवसाचं पाणी भरून ठेवा, दुसऱ्या भांड्यातून प्यायचंच नाही, तहान लागली तर आधी चूळ भरा, बर्फाचा लहानसा तुकडा चघळा, आणि मुख्य म्हणजे मीठ कमी ठेवा, तहान मिठानंच लागते. डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं पण तिथे दोन मिनिटात सांगून झालं होतं, काकूंनी रोज फोनवर विचारून विचारून ते अंगवळणी पाडलं. आणि एक, दुकानात ते कमी सोडियमवालं मीठ मिळतं ना, बीपीवाल्यांसाठी चांगलं म्हणून, ते किडनीवाल्यांनी घेऊ नये, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. आमच्याकडे एका पाहुण्यांनी प्रेमानं आणून दिलं होतं, काकूंनी फोनवर पाकीट वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, ते शेजारीण घेत असंल तं तिला दे, नाही तं फेक."

आता जे मला खरं लिहायचंय ते. आमच्या घरात देव फार. सासूबाईंनी नवस बोलले, टेकडीच्या गणपतीला, शेगावला, ताजबागलाही जाऊन आल्या, आमच्याकडे ताजुद्दीन बाबांना सगळेच मानतात. प्रत्येक ठिकाणाहून प्रसाद यायचा आणि प्रत्येक प्रसाद म्हणजे केळं, खोबरं, पेढा नाही तर पंचामृत. नको म्हटलं तर सासूबाईंचे डोळे भरायचे, प्रसादानं कधी कोणाचं वाईट होतं का म्हणायच्या. रोजचं भांडण झालं होतं घरात, आणि मी मधल्या मधे वाईट. काकूंना सांगितलं तर त्यांनी सासूबाईंना फोन द्यायला लावला. काकू स्वतः पक्क्या गजानन महाराजांच्या, फोन उचलला की गण गण गणात बोते. म्हणाल्या, "आजी, देवाला खडीसाखरेचा खडा नि तुळशीचं पान ठेवा, तेच पोराच्या हातावर द्या. केळं देवापुढं ठेवा आणि नातवाला द्या. देवाला माहीत आहे हो तुमच्या पोराला काय झालं ते, त्याला काय रिपोर्ट दाखवायचा आहे का?" तेव्हापासून खडीसाखर. यांना शुगर नाही म्हणून जमलं, शुगर असती तर नुसतं पान म्हणाल्या.

एकादशीचंही तसंच. उपवासाला आपण जे जे खातो, साबुदाण्याची खिचडी दाण्याचं कूट घालून, बटाटा, रताळं, खजूर, ते सगळं यांना बंद, आणि डायलिसिसच्या माणसाने उपाशी राहायचं नाही. यांनी एकादशी सोडणं म्हणजे मृदंग सोडल्यासारखंच, आणि मृदंग तर सुटलाच आहे, डाव्या हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली नस) केलाय त्या हातावर जोर द्यायचा नाही. रोज सकाळी त्या जागी बोटं ठेवून थरथर लागते का बघायची असते, थरथर म्हणजे नस चालू आहे, तर हे म्हणतात बघ, ठेका चालू आहे. काकू एकादशीला भगर देतात, दाण्याच्या आमटीशिवाय, सोबत काकडीची छोटीशी कोशिंबीर. पुन्हा आहारतज्ज्ञाला विचारूनच द्यायला सुरुवात केली त्यांनी. हे पहिल्यांदा जेवले तेव्हा काहीच बोलले नाहीत, डबा धुवून ठेवला, एरवी कधी धुवत नाहीत.

या काळात लोक काय काय बोलतात ना. देव परीक्षा घेतो. देव त्यालाच देतो ज्याला झेपतं. मागच्या जन्मीचं असेल. एक दूरचे नातेवाईक कोणत्या तरी बाबाचा काढा घेऊन आले, हे प्या आणि डायलिसिस बंद करा, श्रद्धा ठेवा म्हणे. यांनी बाटली हातात घेतली, नमस्कार केला आणि परत दिली. नंतर मी चिडून बसले होते, मी देवावर पण चिडले होते खरं तर, कारण एवढी भक्ती करून हेच मिळायचं असेल तर काय अर्थ, आणि माझी ती चीड अजून गेली असं मी म्हणणार नाही. हे म्हणाले, "हे बीपीनं झालं. विठ्ठलानं नाही केलं. त्यानं पाठवलं म्हणून मी म्हणत नाही आणि तो काढून घेईन असंही म्हणत नाही. पण तो मला टाकून गेला असं मला वाटत नाही, बस एवढंच." मग तुकोबांचं बोलत बसले. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं, दिवाळं निघालं, आणि पुढे त्यांनी तेच दिवाळं निघालं ते बरं झालं असं देवाला म्हटलं. मी म्हटलं मला नाही म्हणवत बरं झालं. हे म्हणाले मलाही नाही म्हणवत, त्यांनाही काही लगेच म्हणवलं नसंल. आम्हा दोघांना हसूच आलं. (तुकोबांनी लोकांच्या उधारीचे कागद इंद्रायणीत सोडले म्हणतात, आम्ही सोडलेले नाहीत, गावचं कोणी हे वाचत असेल तर ज्याची बाकी आहे त्यानं देऊन टाकावी, इथे उपयोगी पडेल.)

आणि म्हणूनच मला काकू आवडतात. त्यांनी एकदाही बरं होईल म्हटलं नाही. किडनी द्यायला माझा ब्लड ग्रुप जुळत नाही, सासूबाईंना शुगर, त्यामुळे हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीच्या (दान केलेले अवयव कोणाला द्यायचे ते बघणारी संस्था) यादीत नाव लावलंय, नंबर कधी लागेल कोणी सांगू शकत नाही. मी एकदा रडत विचारलं होतं काकू, होईल ना सगळं नीट? तर त्या म्हणाल्या, "मले काय माहीत पोरी. पोटॅशियम किती आलं या वेळी?" मला आधी राग आला. मग रिपोर्ट काढून वाचून दाखवला, खाली आलं होतं. तर म्हणाल्या, "हे आपल्या हातचं होतं, हे झालं. बाकीचं महाराजांच्या पुढे ठेव, आणि ठेवलं तं सारखं उचलून पाहू नको." मग लगेच उद्या दोडका आहे म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

बरं, अर्धा स्टार. पावसात डबा उशिरा येतो, मेडिकल चौकात पाणी साचलं की डबा आणणाऱ्या पोराची गाडी अडकते, आणि फॉस्फरस अडवायची गोळी जेवणासोबतच घ्यायची असते त्यामुळे उशीर झाला की सगळंच पुढे जातं. रविवारी संध्याकाळचा डबा नसतो. डबे स्टीलचे आहेत पण एकाचं झाकण नीट बसत नाही, दोनदा सांगितलं, अजून तोच फिरतोय. घरच्या बाकीच्यांसाठी साधा डबा मागाल तर मिळत नाही, काकू म्हणतात त्याच्यासाठी नागपूर पडलंय. आणि वाद घालायला जाऊ नका, रिपोर्ट जुना असेल तर डबा थांबवतात, आमचाही एकदा थांबवला होता.

ज्यांचं डायलिसिस अजून सुरू नाही, नुसतं क्रिएटिनिन वाढलंय, त्यांनी तसं स्पष्ट सांगा, त्यांचं जेवण वेगळं असतं. शुगरवाल्यांनी तर सांगाच. आणि एकादशीचा डबा हवा असेल तर दशमीला दुपारपर्यंत कळवायचं, त्यानंतर फोन केला तर काकू सगळं ऐकून घेतात, हो हो म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी दोडकाच पाठवतात.