रायझन ७ ९८००एक्स३डी : गाभ्यांखाली बसवलेल्या ६४ मेगाबाइटचे परीक्षण

प्रोसेसरच्या अगदी जवळ भरपूर मेमरी बसवण्याचे अनेक मार्ग संशोधक आज तपासत आहेत. त्यांपैकी सर्वसामान्य ग्राहकाला विकत घेऊन स्वतःच्या मदरबोर्डवर लावता येईल असा मार्ग मात्र जवळजवळ एकच आहे, आणि तो म्हणजे गणनेच्या चिपला थेट चिकटवलेली कॅशची (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणाऱ्या वेगवान मेमरीची) दुसरी चिप. एएमडीने ही रचना घरगुती संगणकांसाठी प्रथम २०२२ मध्ये ५८००एक्स३डी या प्रोसेसरात आणली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डीमध्ये तिचा क्रमच उलटा करण्यात आला. मी हा प्रोसेसर मुख्यतः द्रवप्रवाहाच्या संगणनासाठी आणि मोठे प्रोग्राम कंपाइल करण्यासाठी वापरतो, त्यामुळे हे परीक्षण गेमिंगपेक्षा त्या अंगाने अधिक आहे.

यात ८ गाभे (स्वतंत्रपणे काम करणारी गणन-एकके) आहेत आणि त्या सर्वांची मिळून तिसऱ्या पातळीची कॅश ९६ मेगाबाइट आहे. त्यातील ३२ मेगाबाइट गणनेच्या चिपवर आहे आणि ६४ मेगाबाइट जोडलेल्या चिपवर. या दोन चिपांमध्ये सोल्डरचे ठिपके नाहीत. तांब्याला तांबे थेट भिडवून हा सांधा केलेला असतो, म्हणूनच जोडण्या इतक्या दाट बसतात की गणनेच्या चिपवरच्या आणि जोडलेल्या चिपवरच्या मेमरीत गाभ्याला फारसा फरक जाणवत नाही. पहिल्या पिढीत या वाढीव कॅशमुळे विलंब प्रोसेसरच्या घड्याळाच्या जेमतेम ४ आवर्तनांनी वाढला होता. मुख्य मेमरीपर्यंत जाऊन येण्यास साधारण ७० ते ८० नॅनोसेकंद लागतात हे लक्षात घेतले, तर ही किंमत नगण्य म्हणावी लागेल.

आधीच्या दोन पिढ्यांत कॅशची चिप वर होती, आणि गाभ्यांवर उंची सारखी करण्यासाठी कोऱ्या सिलिकॉनचे तुकडे ठेवावे लागत. गाभ्यांची उष्णता त्या थरातून वाट काढत कूलरपर्यंत पोहोचे, त्यामुळे वेग आवरता घ्यावा लागे. ५८००एक्स ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जाई, तर ५८००एक्स३डी ४.५ वरच थांबे आणि त्याचा गुणक (घड्याळाचा वेग ठरवणारा आकडा) वाढवण्याची सोयही बंद होती. ९८००एक्स३डीमध्ये कॅश खाली गेली आणि गाभे थेट झाकणाच्या बाजूला आले. मूळ वेग ४.७, कमाल वेग ५.२ गिगाहर्ट्झ आणि गुणक खुला, हे सर्व या एका अदलाबदलीचे फळ आहे. माझ्या मते या प्रोसेसरातील सर्वांत मोलाची अभियांत्रिकी हीच आहे, कारण जास्त मेमरी हवी असेल तर वेग सोडा, ही अट तिने बरीच सैल केली.

प्रत्यक्ष लाभ कुठे होतो, हे एका साध्या हिशेबाने कळते. द्रवप्रवाहाच्या संगणनात जागेचे छोट्या पेशींत तुकडे पाडून केलेल्या त्रिमितीय जाळीवर दाबाचे समीकरण सोडवताना एका पेशीमागे सात सहगुणक लागतात. दुहेरी अचूकतेत (एका संख्येला ८ बाइट) ते ५६ बाइट होतात, आणि उत्तर, उजवी बाजू व मधल्या सदिशांसह हा आकडा साधारण १०० बाइटपर्यंत जातो. म्हणजे ३२ मेगाबाइटमध्ये सुमारे ३ लाख पेशी मावतात आणि ९६ मेगाबाइटमध्ये सुमारे १० लाख. पुनरावृत्तीची पद्धत हीच माहिती शेकडो वेळा वाचत असल्यामुळे, या दोन मर्यादांमधल्या जाळ्यांवर हा प्रोसेसर इतका पुढे जातो की पुन्हा साध्या कॅशच्या प्रोसेसरकडे वळावेसे वाटत नाही. जाळी त्याहून मोठी झाली की मात्र लाभ हळूहळू नव्हे, झपाट्याने ओसरतो. प्रत्येक फेरीत माहितीचा शेवट येईपर्यंत तिची सुरुवात कॅशमधून बाहेर ढकलली गेलेली असते, आणि मग सगळा भार डीडीआर५ वर, म्हणजे मुख्य मेमरीवर, पडतो. दोन वाहिन्यांच्या डीडीआर५-५६०० ची सैद्धांतिक मर्यादा सेकंदाला ८९.६ गिगाबाइट आहे, आणि तिथे ८ गाभे वाट पाहत बसतात. कंपायलिंगमध्ये फरक माफक आहे. व्हिडिओ एन्कोडिंगसाठी किंवा नीट तुकडे पाडून केलेल्या मॅट्रिक्स गुणाकारासाठी हा प्रोसेसर घेऊ नये.

या प्रोसेसरने मेमरीची पेशी (एक बिट साठवणारा घटक) दाट केलेली नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. ती सहा ट्रान्झिस्टरांची एसरॅमचीच (कॅशसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या मेमरीचीच) पेशी आहे, आणि तिचे आकुंचन जवळपास थांबले आहे: चिप बनवणाऱ्या टीएसएमसी कंपनीच्या ५ नॅनोमीटर प्रक्रियेत ती ०.०२१ चौरस मायक्रोमीटर होती आणि ३ नॅनोमीटरच्या एन३ई प्रक्रियेतही तेवढीच राहिली. महागड्या नव्या प्रक्रियेवर कॅशला जागा देणे परवडत नाही, म्हणून ती वेगळ्या चिपवर नेण्याला अर्थ आहे. एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र असलेली ईडीरॅम खरोखर दाट असते. आयबीएमने २०१० च्या पॉवर७ मध्ये ३२ मेगाबाइटची तशी कॅश दिली होती, आणि इंटेलने २०१५ च्या ५७७५सी मध्ये १२८ मेगाबाइट ईडीरॅम वेगळ्या चिपवर बसवली होती. पण धारित्राची प्रक्रिया लहान होत जाणाऱ्या ट्रान्झिस्टरांबरोबर सांभाळणे अवघड ठरले आणि पॉवर१० मध्ये आयबीएम एसरॅमकडे परतली. चुंबकीय एमरॅम मायक्रोकंट्रोलरमध्ये फ्लॅशच्या जागी स्थिरावते आहे. मात्र तिच्यात लिहिण्यासाठी लागणारा प्रवाह आणि वेळ पाहता, जिथे क्षणोक्षणी लिहिले जाते अशा कॅशसाठी ती अजून तयार नाही. लिहिण्याची वाट वेगळी करणारा तिचा प्रकार वेगवान आहे, पण पेशीमागे एक जादा ट्रान्झिस्टर मागत असल्याने घनतेचा फायदाच कमी करतो.

ज्यांना १६ गाभे हवेत त्यांनी ९९५०एक्स३डी घेताना विचार करावा. त्याच्या दोन गणन-चिपांपैकी एकीलाच जादा कॅश जोडलेली आहे, त्यामुळे कोणते काम कोणत्या गाभ्यांवर जाते याकडे लक्ष ठेवावे लागते, आणि सर्व गाभ्यांवर सारखे वाटलेले संगणन कमी कॅशच्या अर्ध्या भागासाठी अडून राहते. माझ्यासारख्या कामाला त्यापेक्षा ८ गाभ्यांचा हा प्रोसेसरच अधिक भरवशाचा वाटतो. त्याहून मोठ्या जाळ्यांसाठी याच तंत्राचे सर्व्हरचे प्रोसेसर पाहावेत. २०२३ च्या जेनोआ-एक्स मालिकेत एका प्रोसेसरला अशी १,१५२ मेगाबाइटपर्यंत कॅश मिळते.