सिंहस्थातल्या मिनी डोनटच्या स्टॉलपायी गेलेले 2,61,500 रुपये

नोंदणीचे 11,000, यंत्राचे जीएसटीसह 1,47,500, प्रीमिक्सचे (डोनटच्या तयार पिठाचे) 28,000 आणि सिंहस्थातील जागेच्या अनामतीचे 75,000, असे एकूण 2,61,500 रुपये मी नोव्हेंबर 2025 मध्ये अवघ्या बावीस दिवसांत एका तथाकथित फ्रँचायझी कंपनीच्या हवाली केले. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील नोकरी गेल्यानंतर हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीचे ते पैसे होते. नातेवाईकांना अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. इथे मात्र लिहितो आहे, कारण हीच माणसे अजूनही गिऱ्हाईक शोधत आहेत.

मी आंधळेपणाने पैसे टाकले, असे कोणी म्हणू नये. गंगापूर रस्त्यावरच्या प्रदर्शनांत मुले गरम मिनी डोनटसाठी कशी रांग लावतात, हे मी स्वतः उभे राहून पाहिले होते. बारा नगांच्या पुडीचा खर्च मांडला होता, शंभर रुपये भरून स्वतःची एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणीही करून घेतली होती. त्यात सिंहस्थ तोंडावर आलेला. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण, 2 ऑगस्ट 2027 ला पहिले अमृतस्नान. शहरात प्रत्येकाच्या तोंडी तोच विषय, आणि ही संधी गेली तर पुढे बारा वर्षे नाही, हे कंपनीच्या माणसाने सांगण्याचीही गरज नव्हती. त्याने फक्त तपोवनाच्या रस्त्याचा नकाशा पुढे ठेवला आणि एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाला, “दादा, ही जागा तुमच्यासाठी राखून ठेवली आहे.”

प्रात्यक्षिकात यंत्र उत्तम चालले. वरच्या डब्यातून बॅटरची कडी तेलात पडत होती, तरंगत पुढे जात होती, पाते तिला उलटवत होते आणि दुसऱ्या टोकाला सोनेरी डोनट घरंगळत ट्रेमध्ये येत होते. पण बॅटर झाकलेल्या स्टीलच्या पातेल्यातून येत होते. शेजारी ठेवलेली प्रीमिक्सची गोणी शेवटपर्यंत शिवलेलीच राहिली. यंत्र घेणाऱ्याने गोणी स्वतःसमोर फोडायला लावावी आणि तासभर यंत्र थांबू देऊ नये. मी दहा मिनिटे पाहिले आणि समाधान मानले.

तरीही ज्या क्षणासाठी मी स्वतःला क्षमा करू शकत नाही, तो नंतरचा आहे. यंत्राची रक्कम एनईएफटीने भरायची म्हणून मी मोबाईलवर त्यांचे खाते जोडत होतो. खात्यावरचे नाव आधी दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2025 पासून बँकांना बंधनकारक केलेली आहे, आणि माझ्याही पडद्यावर नाव आले. कंपनीचे नाही; एका बाईंचे, नाव आणि आडनाव. मी ते वाचले. दोनदा वाचले. फोन त्याच्यापुढे धरला, तेव्हा तो जराही न चाचरता म्हणाला, “आमच्या भागीदार मॅडमचं खातं आहे, कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे. निर्धास्त राहा.” पत्नीने माझ्याकडे पाहिले. तिला शंका आली होती, हे तिने त्याच रात्री सांगितले. पण परक्या माणसासमोर नवऱ्याला अडवावे असे तिला वाटले नाही. माझे बोट पडद्यावर होते आणि मी ते दाबले. नाव जुळत नसेल तर समोरचा कितीही गोड बोलो, एक रुपयाही पाठवू नका.

बिलही तेव्हाच वाचायला हवे होते. पत्ता पुण्याचा आणि जीएसटी क्रमांक 07 ने सुरू होणारा. महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक 27 ने सुरू होतो, 07 दिल्लीचा. पोर्टलवर पाहिल्यावर तो क्रमांक कापडाच्या एका व्यापाऱ्याचा निघाला, तोही रद्द झालेला. हे शोधायला मला दोन मिनिटे लागली, फक्त पैसे गेल्यानंतर.

जानेवारीत आलेल्या यंत्रावर निर्मात्याची पट्टीच नव्हती. तीन किलोवॅटचे म्हणून विकलेले हे यंत्र. वायरमनने क्लॅम्प मीटर लावला तेव्हा काटा सहा अँपिअरच्या पुढे गेला नाही, म्हणजे जेमतेम चौदाशे वॅट. तेल 180 अंशांच्या पुढे हवे, चाळीस मिनिटांनंतरही ते 150 वर अडकले होते. डोनट तेल पिऊन जड झाले आणि आत कच्चे राहिले. प्रीमिक्सच्या गोणीवरचा एफएसएसएआय क्रमांक मोजला तर तेरा आकडी भरला; खरा चौदा आकडी असतो. त्यांचे फोन तोवर बंद झाले होते.

जागेचा करार पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीच्या शिक्क्यासह आहे. नोटरी केवळ सही कोणाची हे पाहतो; जागा कोणाची याच्याशी त्याचा संबंध नसतो, हे मला त्या वेळी माहीत नव्हते. महापालिकेत एका खिडकीने दुसऱ्या खिडकीकडे पाठवले, दुसरीने पुन्हा पहिलीकडे, आणि अखेर “असा करार आम्ही केलेला नाही” एवढे तोंडी उत्तर मिळाले. तेच लेखी द्या म्हटल्यावर अर्ज करा, असे सांगितले. अर्ज केला. पोच आहे, उत्तर नाही.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर मी फोन केला, तोपर्यंत खाते रिकामे झाले होते. गोठवले गेले ते 3,112 रुपये. हा फोन त्याच तासात करायचा असतो, आठवडे गेल्यावर नाही. पोलीस ठाण्यात चार फेऱ्या झाल्या. पहिल्या वेळी साहेब बंदोबस्तात होते, दुसऱ्या वेळी सायबर शाखेकडे जा म्हणाले, सायबर शाखेने पुन्हा ठाण्याकडे धाडले. चौथ्या वेळी ठाणे अंमलदाराने फाईल न उघडता विचारले, “मशीन मिळालंय ना तुम्हाला? मग हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” रद्द झालेला जीएसटी क्रमांक, परक्या बाईचे खाते आणि सरकारी जागेचा खोटा करार यांत दिवाणी काय आहे, हे मी तीनदा विचारले. भारतीय न्याय संहितेचे कलम 318(4) ठकवणुकीसाठीच आहे, हेही सांगितले. मलाच आवाज खाली करायला सांगण्यात आले. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे वरिष्ठांना टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. मी पोलीस आयुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवली आहे.

ग्राहक आयोगात जाऊ नका, व्यवसायासाठीची खरेदी तिथे चालत नाही, असे मला दोघांनी सांगितले. ते अर्धवट आहे. स्वयंरोजगारातून स्वतःचे पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला 2019 च्या कायद्यात सूट आहे, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. माझी तक्रार दाखल झाली आहे.

गेल्या आठवड्यात ठाण्याच्या बाकावर आणखी दोघे भेटले, एक सिन्नरचे आणि एक पंचवटीचे. त्यांच्याही हातात तेच पाचशेचे मुद्रांक होते. आम्ही तिन्ही करार शेजारी शेजारी मांडले, तेव्हा तिघांच्याही कागदावर जागा क्रमांक 114 होता. ते तिन्ही कागद एकत्र घेऊन आत गेलो, तर प्रत्येकाने वेगळा अर्ज घेऊन सोमवारी या, असे सांगितले.