शांत गल्लीतलं घर की मेन रोडवरचं? दोन्हीकडे राहून झालंय म्हणून लिहितेय

घर बघताय आणि दोन पर्याय समोर आहेत, एक रस्त्याला लागून जिथे खाली उतरलं की सगळं हाताशी, आणि दुसरं आत गल्लीत जिथे दुपारी झाडाचं पान पडलं तरी कळतं, तर हे तुमच्यासाठी. मी पहिल्या प्रकारच्या घरात 6 वर्षं काढली, दुसरीकडे आता 4 वर्षं होतील. एक गोष्ट आधीच सांगते, हा निर्णय घरातल्या कमावत्या माणसाने स्वतःच्या सोयीने घेऊ नये. जो सकाळी 8 ला बाहेर पडून रात्री परत येतो त्याला दोन्ही घरं सारखीच. दिवसभर घरात कोण असतं त्याला विचारा, कारण राहायचं त्याला आहे. ही चूक मी केलीये.

आवाजापासून सुरुवात करू, कारण सगळे त्यासाठीच आत शिफ्ट होतात. रोडवरच्या घरात आम्ही टीव्हीचा आवाज मोठा ठेवायचो, फोनवर ओरडून बोलायचो, आणि आपण असं करतोय हेच कळत नव्हतं. सवय होते असं सगळे म्हणतात आणि ते अर्धंच खरं आहे. रात्री गाड्यांनी जाग येणं हळूहळू कमी होतं, पण झोपेतसुद्धा शरीर आवाजाला दाद देतच असतं, हृदयाचे ठोके वाढतात, आणि ते बऱ्याच वर्षांनीही पूर्ण थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी ज्या शिफारशी काढल्या त्यात वाहनांचा रात्रीचा आवाज सरासरी 45 डेसिबलच्या खाली हवा असं म्हटलंय. वाहत्या रस्त्यावरच्या बेडरूमबाहेर हा आकडा मिळणं अवघडच.

आता यात एक गंमत आहे जी ब्रोकर सांगणार नाही. "रोडपासून जरा आत आहे" याला फारसा अर्थ नाही. सतत वाहणाऱ्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत साधारण 3 डेसिबलनेच कमी होतो, म्हणजे 10 मीटरवरून 20 मीटरवर गेलात तरी कानाला जेमतेम फरक, आणि आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण 10 डेसिबल कमी व्हावे लागतात. खरा फरक पडतो तो मध्ये एखादी आख्खी बिल्डिंग आडवी आली की. त्यामुळे रोडपासून किती मीटर हे विचारू नका, खिडकीत उभं राहून रस्ता दिसतो का ते बघा, दिसत असेल तर आवाज येणारच. उंच मजल्यावर आवाज कमी होईल ही आशा पण ठेवू नका, उलट वरून समोरच्या भिंतीपलीकडचा रस्ताही दिसायला लागतो. धूळ मात्र वर जरा कमी येते. धुळीचं सांगायचं तर रोडवरच्या घरात खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं की काळं व्हायचं, मातीचा रंग नाही, काजळीसारखं चिकट काळं. सकाळी पुसलं तरी संध्याकाळी तेच. इथे आठवडाभर नाही पुसलं तर करडी माती बसते, फुंकर मारली की उडते. फुफ्फुसाचं काय होत असेल ते त्या बोटावरून कळायचं मला.

पण शांत गल्ली म्हणजे आवाज नाही असं समजून येऊ नका, इथे आवाज वेगळे आहेत एवढंच. रोडवर एक सलग घरघर असते आणि तिच्याखाली बाकी सगळं दबून जातं. इथे ती घरघर नाही म्हणून प्रत्येक आवाज सुटा सुटा कानावर येतो. शेजारच्यांच्या गेटची कडी, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, पहाटे कोणीतरी सुरू केलेली आणि 5 मिनिटं तशीच चालू ठेवलेली बाईक. पहिल्या महिन्यात तर रात्री मला लांबच्या रेल्वेची शिट्टी ऐकू यायची, दिवसा कधीच नाही, मला वाटायचं भास होतोय. नंतर कळलं की रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वरून खाली वाकतो आणि लांबवर पोचतो. गल्लीत एक कुत्रं भुंकलं तर अख्खी गल्ली जागी होते, ज्याची झोप सावध आहे त्याने हे लक्षात घेऊन यावं.

मुलं असतील तर मी जास्त विचार न करता आत राहा म्हणेन. माझा मुलगा सायकल इथेच शिकला, मला त्याच्या मागे पळावं लागलं नाही, दारात उभं राहून बघितलं. आणि यात नुसती माझी हौस नाही, डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या माणसाने 1960 च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांवर लोकांना विचारून बघितलं होतं. जिथे दिवसाला 2000 च्या आसपास गाड्या जायच्या तिथल्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी 3 मित्र होते, आणि जिथे 16000 जायच्या तिथे 0.9. घरं साधारण सारखीच, फरक रहदारीचा. गाड्या वाढल्या की माणसं रस्त्याकडे पाठ करून राहायला लागतात. आमचं रोडवर तसंच होतं, समोरच्या बाजूला कोण राहतं हे 6 वर्षांत कळलं नाही, मधला रस्ता ओलांडणार कोण.

आता दुसरी बाजू, आणि इथे मला मनापासून वाईट वाटतं. बाबा. रोडवरच्या घरात ते रोज संध्याकाळी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे, गाड्या बघायचे, खाली येणारे जाणारे बघायचे, कोणीतरी हात करायचं, पेपर आणायला स्वतः उतरायचे, 100 पावलांत सगळं होतं. आम्ही त्यांच्याच तब्येतीसाठी म्हणून आत आलो आणि पहिले 4-5 महिने ते अक्षरशः गप्प झाले. बाल्कनीत बसायचे आणि समोर एक भिंत आणि एक झाड. एकदा मला म्हणाले, "अगं, इथे दुपारी कोणी जातच नाही गं रस्त्याने." मी शांतता शांतता करत होते आणि त्यांच्यासाठी तो आवाज म्हणजे सोबत होती. औषध संपलं तरी माझी वाट बघायला लागायचे कारण दुकान पाऊण किलोमीटरवर, तरण्या माणसाला ते 10 मिनिटं, त्यांना तो एक प्रवास. नंतर गल्लीच्या टोकाला त्यांच्या वयाचे दोघं तिघं बसतात तिथे जायला लागले आणि जरा रुळले, पण ते माझ्या हिशोबात नव्हतं, नशिबाने झालं. तुमच्या घरी वयस्कर माणूस असेल तर घर बघायला त्यांना घेऊन जा आणि त्यांना चालायला लावा, घरापासून दुकानापर्यंत आणि परत.

बायकांसाठी रात्रीचा मुद्दा पण आहे. रोडवर रात्री 10 ला उतरले तरी दुकानांचे दिवे, माणसं. इथे रिक्षाने कोपऱ्यावर सोडलं तर पुढची 200 पावलं मी किल्ली हातात धरून चालते. काही वाईट झालेलं नाही कधी, पण ती 200 पावलं रोजची आहेत. दिवे कुठे आहेत, चालू आहेत का, हे अंधार पडल्यावर स्वतः जाऊन बघा.

पार्किंग, डिलिव्हरीवाल्याला पत्ता सांगणं, हे सगळं जमून जातं, त्यावर निर्णय घेऊ नका.

बघायला जाल तेव्हा रविवारी सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळ्याच गल्ल्या शांत असतात. कामाच्या दिवशी संध्याकाळी 6 ला जा, कारण बऱ्याच गल्ल्या मॅपवर शॉर्टकट म्हणून दिसतात आणि मेन रोड तुंबला की सगळ्या गाड्या तिथून घुसतात. पुढे रस्ता बंद असलेली गल्ली असेल तर ही भीती नाही. मग रात्री 11 ला एकदा जा, फोनवर आवाज मोजायचं ॲप टाका, आकडा अगदी अचूक नसतो पण दोन्ही घरांसमोर एकाच फोनने मोजलं तर फरक कळतो. आणि आजूबाजूला रिकामा प्लॉट किंवा जुना बंद बंगला आहे का ते नक्की बघा. आमच्या शेजारी होता. दोन वर्षं सकाळपासून ड्रिलिंग, सळ्या कापणं, काँक्रीट मिक्सर, आणि रोडवरची ती घरघरसुद्धा मला तेव्हा बरी वाटायला लागली होती. आता ती बिल्डिंग पूर्ण झालीये, लोक राहायला आलेत, आणि बाबांच्या बाल्कनीतून समोर माणसं दिसतात.