कोकणात फळं घ्यायची कुठे: हायवे, आठवडी बाजार की बाग?

एप्रिल-मेमध्ये कोकणात उतरलेल्या माणसाला फळं तीन ठिकाणी मिळतात: मुंबई-गोवा हायवेच्या कडेचे स्टॉल, गावचा आठवडी बाजार आणि थेट बागायतदाराचं घर. बहुतेक जण परतीच्या वाटेवर पहिल्या बऱ्या स्टॉलपाशी गाडी थांबवून सगळी खरेदी एकदम उरकतात. माझं मत वेगळं आहे. हापूस बागेतून घ्यावा, बाकी जवळजवळ सगळं बाजारातून, आणि रस्त्यावर फक्त गाडीतच संपेल तेवढंच.

आधी हापूस, कारण खरे पैसे तिथेच जातात. २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसपुरतं आहे. तरी 'देवगड' छापलेल्या पेटीत कर्नाटकातला हापूस निघतो, ही तक्रार दर मोसमात असते. कापल्यावर फरक बराचसा कळतो. कोकणातल्या फळाची साल पातळ आणि गर केशरी, कर्नाटकातल्याची साल सहसा जाडसर आणि गर पिवळट. पण स्टॉलवर तुमच्यासमोर कापलेलं फळ विक्रेत्याने निवडलेलं असतं, हे विसरू नका. पेटीचा वरचा थर बघून पैसे देऊ नयेत, खालचा थर उपसून दाखवायला सांगावं. कुरकुर झाली तर गाडी पुढे काढावी.

दुसरी भानगड पिकवण्याची. सगळा ढीग एकसारखा पिवळाधमक, हाताला मात्र टणक आणि देठापाशी वास नाही, असा आंबा मी घेत नाही. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूने पिकवायला परवानगी आहे, त्यामुळे 'गॅसवर पिकवलाय' एवढं ऐकून बिचकायचं कारण नाही. कशाने पिकवलाय, ते विचारा.

बागेत ही चिंता कमी, कारण तिथे आंबा कच्चाच घेता येतो. झेल्याने (लांब काठीला जाळी लावलेलं आंबे काढायचं साधन), देठ ठेवून उतरवलेला आंबा मागावा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे डाग पडतो. फळ किती आणे तयार आहे (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार) तेही विचारावं. चौदा आणे म्हटलं की बागायतदाराला कळतं, समोरच्याला अगदीच अंधारात ठेवता येणार नाही. असा आंबा घरी गवताच्या अढीत आठ-दहा दिवसांत रंग धरतो. गैरसोयी आहेतच: आधी फोन करावा लागतो, आडवाटेला गाडी घालावी लागते, बऱ्याच ठिकाणी पेटीखाली बात नाही आणि घासाघीस तर नाहीच. साक्याची हमीसुद्धा कुणी देऊ शकत नाही, आतला पांढरा पोकळसर भाग बाहेरून दिसतच नाही. फरक एवढाच, की बागायतदाराचा नंबर तुमच्याकडे असतो. चांगला बागायतदार पुढच्या वेळी दोन फळं जास्त घालतो.

आता बाजार. सावंतवाडीचा मंगळवार, म्हापशाचा शुक्रवार. फळांची खरी चैन इथे आहे, आणि हापूसच्या नादात लोक ती सोडून जातात. रायवळ, बिटक्या (छोटे गावठी आंबे), जाम, करवंदं, रतांबे (कोकमाची फळं), काजूची बोंडं, आपापल्या परसातलं घेऊन बसलेल्या बायका आणि समोर लावलेले वाटे. चोखून खायचा आंबा म्हणजे रायवळ. तिथे हापूसची ऐट चालत नाही आणि भावही हलका. म्हापशाला मानकुराद, म्हणजे गोव्याचा लाडका आंबा, बघा. मोसमाच्या सुरुवातीला त्याचा डझनाचा भाव ऐकून हापूस स्वस्त वाटू लागतो. पण दोन-चार फळं तिथल्या तिथे खायची तर मी मानकुरादच घेईन. मोयरेची लांबलचक केळीही तिथलीच.

बाजारात भाव पाडण्यापेक्षा एक गोष्ट जास्त कामाची: 'मावशी, दोन आज खायचे, बाकीचे रविवारी,' असं सांगून निवड त्यांच्यावर सोडावी. सकाळी लवकर जावं. दुपारी वाटा स्वस्त होतो, पण उन्हाने मलूल झालेला.

बोंडं मीठ लावून तिथेच खावीत, संध्याकाळपर्यंत ती टिकत नाहीत आणि रसाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. फणसाचे गरेच घ्यावेत: कापा असेल तर डब्यात नीट राहतो, बरका बुळबुळीत, प्रवासाच्या कामाचा नाही. रतांबे घरी नेऊन काही करायचा उत्साह नसेल तर आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, बाटली बरी. बूच मात्र तपासा.

हायवेच्या स्टॉलच्या बाजूने बोलायचं तर वेळ वाचतो, बस्स. आंबोलीसारख्या घाटात पानांच्या द्रोणात करवंदं-जांभळं विकणारी माणसं वेगळी. त्यांच्यासाठी जरूर थांबावं, धुवायला पाणी जवळ ठेवावं.

मे सरता सरता हे गणित बदलतं. बागांमधला हापूस संपत येतो, पाऊस पडला की आंब्यात फळमाशीच्या अळ्या निघतात, आणि तेव्हा जांभळांसाठी बाजारच बरा. घेतलेली पेटी बंद डिकीत उन्हात ठेवू नये. मागच्या सीटवर, झाकण उघडं ठेवून न्यावी.