पैसे मागतात ते नोकरी ‘लागल्यावर’

नोकरीसाठी कोणाला पैसे द्यायचे नसतात, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी माझे 13,300 रुपये गेले, कारण नोकरी देण्यासाठी कोणी पैसे मागितलेच नाहीत. आधी निवड झाली, हातात पत्र आलं, आजीनं देवापुढे पेढे ठेवले आणि मग एकेक रक्कम निघू लागली. नुकतंच कॉलेज संपवलेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईबाबांनी हा क्रम ओळखावा, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी इंदूरची, लोकमान्य नगरात राहते. देवी अहिल्या विद्यापीठातून बी.कॉम. केलं, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकले. जाहिरात आली आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर: इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कंपनीत अकाउंट्स असिस्टंट, फ्रेशर चालेल, पगार 18,000, कंपनीची बस. ज्या काकांनी ती टाकली त्यांनाही ती दुसऱ्या कुठून तरी आली होती आणि त्यांचा हेतू चांगलाच होता. पण ‘आपल्याच माणसानं पाठवलंय’ म्हटल्यावर कोणी चौकशी करत नाही. म्हणून विनंती आहे, नोकरीची जाहिरात पुढे पाठवण्याआधी त्या कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरच्या नंबरवर एक फोन करा. जाहिरात देणाऱ्या कन्सल्टन्सीने, म्हणजे नोकरी लावून देणाऱ्या मधल्या फर्मने, दिलेल्या नंबरवर नको.

इंदूरच्या विजय नगर भागात या कन्सल्टन्सीचं व्यवस्थित ऑफिस होतं. काउंटर, एसी, भिंतीवर कंपन्यांचे लोगो. देवास, धार, खरगोनहून आलेली मुलं मांडीवर फायली घेऊन बसली होती. मुलाखतही चांगली कसून घेतली. जीएसटीआर-1 आणि 3बी या जीएसटीच्या विवरणपत्रांमध्ये फरक काय, बँक रिकन्सिलिएशन कसं करतात, सगळं विचारलं, टॅलीत दोन-तीन नोंदी करून दाखवायला सांगितल्या. ही माणसं अडाणी नसतात, त्यांना काम कळतं. मुलाखत खरी वाटते म्हणून पुढचं सगळं खरं वाटतं.

पत्र ईमेलवर आलं. वर कंपनीचा लोगो, खाली एम्प्लॉयी कोड, पगाराच्या तक्त्यात पीएफची कपातसुद्धा. मग काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, व्हेरिफिकेशन के अठारह सौ जमा करा दीजिए. ये हम नहीं, कंपनी लेती है.” त्यानंतर ट्रेनिंग आणि युनिफॉर्मचे 4,500. शेवटी सिक्युरिटी डिपॉझिटचे 7,000, ‘पहली सैलरी में वापस’. प्रत्येक रकमेला सभ्य नाव होतं, आणि प्रत्येक वेळी मन म्हणायचं की एवढ्यासाठी हातातली नोकरी कशाला घालवायची. त्यांचा सगळा धंदा याच विचारावर चालतो. पहिल्या दोन रकमा रोख घेतल्या. तिसरी यूपीआयने दिली, तेव्हा स्क्रीनवर फर्मचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं. विचारल्यावर ‘अकाउंटंट का नंबर है’ असं उत्तर मिळालं. दहावी, बारावी आणि पदवीच्या मूळ गुणपत्रिकाही ‘तपासणीसाठी’ ठेवून घेतल्या.

रुजू होण्याच्या दिवशी बाबा मला स्कूटरवरून राऊमार्गे पीथमपूरला घेऊन गेले. गेटवरच्या गार्डनं पत्र हातात घेतलंसुद्धा नाही. नुसतं लांबून पाहून आत फोन लावला. एचआरच्या बाई स्वतः बाहेर आल्या, हे त्यांचे उपकारच. त्यांनी पत्रावर बोट ठेवून दाखवलं: आमचा एम्प्लॉयी कोड असा नसतो, आमचं पत्र जीमेलवरून जात नाही, कंपनीच्या डोमेनवरूनच जातं, आणि ट्रेनिंगचे पैसे आम्ही कधीच घेत नाही. बाबा त्यांच्यासमोर काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर एका टपरीपाशी स्कूटर थांबवून त्यांनी 1930 लावला.

तो फोन लगेच केला, हे फार बरं झालं. 1930 हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत तक्रार गेली, तर बँकेला ती रक्कम रोखून धरता येते. फोनवर यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक विचारतात, तो आधीच काढून ठेवा. आमचे आदल्या संध्याकाळी दिलेले 7,000 रोखले गेले आहेत. ते अजून हातात यायचे आहेत. रोख दिलेल्या पैशांसाठी तो रस्ताच नाही. त्यासाठी ठाण्यात लेखी तक्रार दिली. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, आणि 318(4) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला यावरून ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही, तेव्हा ‘तिकडच्या ठाण्यात जा’ म्हटलं तर झीरो एफआयआरचा आग्रह धरा.

पावतीवर जीएसटी नंबर होता. जीएसटीच्या पोर्टलवर तो कोणालाही लॉगिन न करता तपासता येतो. पंधरा अक्षरांच्या त्या नंबरातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, मध्य प्रदेशचे 23. आमच्या पावतीवर सुरुवात बरोबर 23 ने होती, पण नाव निघालं दुसऱ्या गावच्या एका किराणा व्यापाऱ्याचं. पैसे भरण्याआधी दोन मिनिटांत कळण्याजोगी गोष्ट आहे ही. रीतसर चालणारी कन्सल्टन्सी आपली फी माणसं घेणाऱ्या कंपनीकडून घेते, उमेदवाराकडून नाही. सरकारी नॅशनल करिअर सर्व्हिसचं पोर्टल आणि जिल्हा रोजगार कार्यालय, दोन्हीकडे नोंदणी फुकट आहे. पदवीधरांना अप्रेंटिसशिपमध्ये तर उलट कंपनीच स्टायपेंड देते.

माझ्या गुणपत्रिका अजून मिळालेल्या नाहीत, ते ऑफिस बंद आहे. दहावी-बारावीच्या डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये निघाल्या. डिजिलॉकरमधून मिळालेला दाखला कायद्यानं मूळ प्रतीइतकाच ग्राह्य आहे, त्यामुळे पडताळणीला तेवढं पुरतं. पदवीच्या दुय्यम प्रतीसाठी विद्यापीठात अर्ज केला आहे, सोबत पोलीस तक्रारीची प्रत जोडली आहे. तुमची कागदपत्रं अशी कोणी अडकवली असतील तर ती सोडवायला आणखी पैसे देऊ नका. तक्रारीत प्रत्येक गुणपत्रिकेचा रोल नंबर आणि वर्ष लिहून घ्या, दुय्यम प्रत काढताना त्याच नोंदी उपयोगी पडतात.