मुखवट्याची आतली बाजू

विक्रेत्याने मला मुखवट्याचे सात फोटो पाठवले होते. पाच समोरून, दोन बाजूने. आतल्या बाजूचा एकही नव्हता आणि मीही तो मागितला नाही. माझी फसगत झाली ती तिथेच. बाकीचं सगळं त्यानंतरचं.

देशोदेशीची जुनी लोककला जमवायचा नाद मला बरीच वर्षं आहे. मेक्सिकोतली पत्र्यावर रंगवलेली नवसाची चित्रं, अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या, कॉटनवूड झाडाच्या मुळातून कोरलेल्या काचीना (म्हणजे त्यांच्या देवतारूप आत्म्यांच्या) बाहुल्या, असं थोडंफार माझ्याकडे आहे. त्यामुळे ‘आपल्याला यातलं कळतं’ हा ताठाही होताच. अशा माणसाला गंडवणं नवख्यापेक्षा सोपं. तो कुणाला विचारायलाच जात नाही.

मुखवटा डान लोकांचा म्हणून दाखवला होता, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टकडचा. गोल, मोठे डोळे, पुढे आलेले ओठ, काळपट तकाकी. सोबत गोष्ट अशी: एका मिशनऱ्याने तो गावच्या राजाकडून आणला, आता घरच्यांना त्यात रस नाही, घर रिकामं करायचंय, आणखी एक गिऱ्हाईक उद्या येतंय. पुरावा म्हणून 1931 सालची तारीख असलेलं एक पिवळट पत्र. वेबसाइटचं कमिशन वाचवण्यासाठी पैसे थेट खात्यावर पाठवले तर किंमत कमी. मी पाठवले. दोन महिन्यांचा पगार गेला, आणि वर मला वाटलं की मीच त्याला गंडवलं.

खोकं उघडलं तेव्हा पहिल्यांदा वास आला. जुन्या लाकडाला धुराचा, धुळीचा वास असतो. याला बूटपॉलिशचा होता. तरी मी स्वतःची समजूत घातली: कुणीतरी पुसून ठेवला असेल. एवढे पैसे गेल्यावर डोकं आपल्याच विरुद्ध वकिली करायला लागतं.

मग मुखवटा उलटा केला. वापरातला मुखवटा आतून कपाळ, गाल, हनुवटी टेकतात तिथे घासून गुळगुळीत होतो, घामाने काळवंडतो, आणि बाकीचा भाग कोरडा राहतो. हा आतून सगळीकडे सारखाच तपकिरी, जणू ब्रश फिरवलाय. छिन्नीच्या खुणा इतक्या धारदार की बोटाला टोचत होत्या. कडेला दोरी, कापड बांधायची भोकं होती. दोरीने काठ झिजायला हवे होते, पण त्यांची धार शाबूत.

शेवटचा घाव किडीच्या भोकांनी घातला. फोटोत तीच पाहून मी भुलले होते. किडा लाकडाच्या आत वाकडीतिकडी वाट काढत पोखरतो आणि बाहेर पडताना पृष्ठभागाला एक गोल भोक पाडतो. माझ्या मुखवट्याच्या गालावर मात्र उघड्या पन्हाळीसारखे चर होते. म्हणजे किडीने लाकूड आधी खाल्लं आणि छिन्नी नंतर लागली. पोखरलेल्या जुन्या तुळईतून नवा मुखवटा! लाकूड कदाचित खरंच जुनं असेल, पण मी लाकूड विकत घेत नव्हते.

पत्र अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली धरलं तर निळसर पांढरं झगझगलं. कागदाला असा उजाळा देणारी रसायनं 1950च्या सुमारास वापरात आली, त्याआधीचा कागद मंद दिसतो. वरचा पिवळेपणा बहुधा चहाच्या पाण्याचा असावा. आणि गोल डोळ्यांचे डान मुखवटे पळण्याच्या शर्यतीत घालत, धावताना नीट दिसावं म्हणून. त्यात राजाचा काय संबंध? हे मला आधी वाचता आलं असतं. मी गोष्ट ऐकत बसले.

एक सांगते, कोरणाऱ्यावर माझा राग नाही. बाजारासाठी नवे मुखवटे करणारे कारागीर आहेत आणि हा मुखवटा कोरलाय सुरेख. नवा म्हणून विकला असता तर मी रास्त किमतीला आनंदाने घेतला असता. लबाडी आहे ती त्याचं वय वाढवण्यात.

विक्रेत्याला लिहिलं. पहिलं उत्तर गोड: “पुन्हा तपासून घ्या, तुमचा गैरसमज होतोय.” दुसरं तुसडं. तिसरं आलंच नाही. वेबसाइटने हात वर केले, कारण पैसे त्यांच्यामार्फत गेलेच नव्हते. बँकेने सांगितलं, रक्कम तुम्ही स्वतःच पाठवलीत. तक्रार नोंदवली आहे, पुढे काही हललेलं नाही.

आता कुठलीही वस्तू आवडली की आधी आतल्या बाजूचा, भोकांच्या काठांचा, खालच्या कडेचा फोटो उन्हात काढून मागते. टाळाटाळ झाली की विषय संपला. निर्यातीचे कागदही मागते. लोककलेला कागद लागत नाहीत, असं त्या विक्रेत्याने मला ऐकवलं होतं आणि मी मान डोलावली होती.

गेल्या महिन्यात एका वेगळ्या नावाने एक मुखवटा विकायला आलेला दिसला. तेच हिरवं कापड अंथरलेलं, पाच फोटो समोरून, दोन बाजूने. या वेळी मिशनऱ्याच्या जागी डॉक्टर होता. पत्रावरची तारीख मात्र तीच.